स्वतःकडे पाहावं, पण किती आणि कुणासमोर?

अडचणीत सापडलेल्या माणसाला आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘मनाला लावून घेऊ नकोस’. दुसरा, ‘जरा आत्मपरीक्षण कर’. बहुतेक वेळा दोन्ही एकाच तोंडून आणि एकाच बैठकीत मिळतात. ते एकमेकांना छेद देतात हे देणाऱ्याच्या लक्षात येत नाही, आणि ऐकणारा त्या वेळी काही लक्षात येण्याच्या स्थितीत नसतो. नोकरी गेली, लग्न मोडलं, कर्ज थकलं, मोठं दुखणं निघालं किंवा घरातलं कुणी दारूत बुडालं, तर स्वतःकडे प्रामाणिकपणे पाहणारा माणूस त्यातून तरून जातो, असा आपला जुना समज आहे. तो कितपत खरा? दोन हजार वर्षांच्या साधना आणि गेल्या पन्नासेक वर्षांतलं मानसशास्त्र शेजारी ठेवून पाहिलं, तर उत्तर ‘हो’ असंच येतं. पण त्या ‘हो’ला अटी आहेत, आणि त्यांतली सर्वांत मोठी अट मला ही दिसते की हे काम एकट्याने नीट होत नाही.

सुरुवात रोमपासून करणं सोयीचं, कारण तिथले लेखी पुरावे हाती आहेत. सेनेका हा तत्त्वज्ञ नीरो बादशहाच्या दरबारात वावरलेला, हद्दपारी भोगलेला आणि शेवटी त्याच बादशहाच्या हुकमाने जीव दिलेला माणूस. रागावरच्या आपल्या ग्रंथात तो स्वतःची एक सवय सांगतो. रात्री दिवा मालवला आणि बायको निजली की तो दिवसभरातलं आपलं वागणं एकेक करून तपासत असे. अमक्याशी वाद घालताना आवाज चढला, तमक्याला सुधारायला गेलो आणि दुखावून आलो, अशा चुका त्यात येत. लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी की या तपासणीचा शेवट शिक्षेत होत नाही. या वेळी माफ, पुन्हा करू नकोस, असं स्वतःला बजावून तो झोपी जातो, आणि त्यामुळे झोप शांत लागते असंही नोंदवतो. त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी मार्कस ऑरेलियस हा बादशहा डॅन्यूबकाठच्या लष्करी तळांवर, साथीच्या आणि युद्धाच्या दिवसांत, स्वतःसाठीच टिपणं लिहीत होता. ती पुढे पुस्तकरूपाने जगभर गेली. लिहिताना मात्र वाचक एकच होता, तो स्वतः.

सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोलाने या सवयीला हिशेबाच्या वहीचं रूप दिलं. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, महिनोन्‌महिने अंथरुणात गेले आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत हा सरदार स्वतःच्या मनाच्या हालचाली टिपायला शिकला. त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ १५४८ साली छापल्या गेल्या. त्यांत आठवड्याच्या प्रत्येक दिवसाच्या नावाने ओळी आखायच्या आणि ठरवलेला एक दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके त्या ओळीवर द्यायचे, अशी पद्धत सांगितली आहे. एका वेळी एकच दोष, हे विशेष. त्याचा सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरला आणि त्याच्यामागून जेझुइटांची, म्हणजे इग्नेशियसच्या पंथाची, ही शिस्तही इथे आली. तिचा आणखी एक भाग आजच्या वाचकाला अनपेक्षित वाटेल. रोजच्या तपासणीची सुरुवात दोषांपासून होत नाही, मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार मानून होते.

आपल्याकडचं उदाहरण अर्थातच तुकारामांचं. १६३० च्या सुमाराचा दख्खनचा दुष्काळ, घरात झालेले मृत्यू, बुडालेला व्यापार, लोकांत गेलेली पत. हे सगळं त्यांनी अभंगांत स्वतःच मांडलं आहे, आणि आपल्या मनाचे खेळही त्यांनी इतक्या निर्दयपणे उघडे केले आहेत की आधुनिक आत्मचरित्रकारालाही धाडस होऊ नये. पण तुकारामांच्या अंतर्मुखतेचं कौतुक करताना चरित्रकारांनी सांगितलेला एक प्रसंग बाजूला पडतो. वडिलोपार्जित सावकारीची खतं त्यांनी भावाशी वाटून घेतली, भावाचा वाटा त्याला दिला आणि आपला इंद्रायणीत सोडला. आत पाहून जे कळलं त्याचं पर्यवसान एका ठोस कृतीत झालं, आणि भावाच्या हक्काला तिची झळ पोचू दिली नाही.

इथपर्यंत सगळं आत पाहण्याच्या बाजूने आहे. विसाव्या शतकातल्या मानसशास्त्राने पहिली शंका काढली ती अशी, की माणसाला आत पाहता तरी येतं का? १९७७ साली रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी एका गाजलेल्या निबंधात एक साधा प्रयोग सांगितला. दुकानात पायमोज्यांचे चार जोड मांडले आणि सर्वांत चांगला कोणता ते गिऱ्हाइकांना विचारलं. सर्वांत जास्त लोकांनी उजव्या टोकाचा निवडला. का, तर वीण चांगली, पोत मऊ, काम सफाईदार. चारही जोड तंतोतंत सारखे होते. जागेमुळे निवडला असं एकानेही सांगितलं नाही; तसं सुचवल्यावर लोकांनी संशोधकांकडेच विचित्र नजरेने पाहिलं. आपण का वागलो याचं उत्तर देताना आपण बरेचदा आत डोकावत नाही, पटेलसं कारण रचतो आणि ते आतून आलं असं मानतो. पायमोज्यांच्या बाबतीत हे ठीक. पण ‘माझं लग्न का मोडलं’ याचं उत्तर एकटा माणूस रात्री दोन वाजता शोधत असेल, तर त्या उत्तरावर किती विसंबावं?

दुसरी शंका जास्त गंभीर. सुसान नोलेन-होक्सेमा या संशोधिकेने स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची माहिती घेतली होती. मन खिन्न झालं की ते काय करतात, हेही विचारलं होतं. त्यानंतर दोन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्या भागात लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला. संशोधकाला असा योग मागून मिळत नाही. भूकंपानंतर पुन्हा पाहणी केली तेव्हा आढळलं, की ज्यांना आधीपासून आपल्या दुःखाविषयी तेच ते घोळवत बसण्याची सवय होती, त्यांच्यात सात आठवड्यांनंतरही नैराश्याची लक्षणं जास्त होती. भूकंपापूर्वीच्या मनःस्थितीचा फरक वजा करूनही हे उरत होतं. ‘मलाच का’, ‘माझं असं का होतं’ हे प्रश्न विचारणाऱ्याला आपण खोल विचार करतोय असं वाटत असतं. प्रत्यक्षात तो घाण्याच्या बैलासारखा तिथल्या तिथे फिरत असतो. आपल्या घरांत हे काम विशेषतः बायकांच्या वाट्याला फार येतं, कारण काहीही बिनसलं की ‘माझंच काय चुकलं’ इथून सुरुवात करायला त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं.

मग कामाचं पाहणं आणि रवंथ यांत फरक कुठे? याचं मला सर्वांत उपयोगी वाटलेलं उत्तर अल्बर्ट एलिस यांचं. १९५५ च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये त्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी त्यांच्याशी दीर्घ काळ पत्रव्यवहार करून ती पद्धत इथे रुजवली. ठाण्याच्या आयपीएच या संस्थेने आणि डॉ. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’सारख्या पुस्तकाने ती मराठी वाचकापर्यंत आणली. घटना आणि दुःख यांच्या मध्ये आपली एक धारणा असते, हा तिचा गाभा. एपिक्टेटस या गुलामगिरीतून सुटलेल्या तत्त्वज्ञाकडून तो घेतल्याचं एलिस उघड सांगत. पण त्यांचं खरं योगदान मला दुसरीकडे दिसतं. कृतीचं मूल्यमापन करा, स्वतःचं करू नका, असं ते बजावत. ‘मी मुलावर विनाकारण ओरडलो’ हे तपासता येतं, दुरुस्तही करता येतं. ‘मी वाईट बाप आहे’ याचं काय करणार? ते वाक्य प्रामाणिक वाटतं, पण त्यातून पुढे वाट निघत नाही. स्वतः एलिस तरुणपणी अतिशय भिडस्त होते. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ब्रॉन्क्सच्या वनस्पती-उद्यानात महिनाभर जाऊन बाकांवर बसलेल्या अनोळखी मुलींशी बोलायचं असं स्वतःवर बंधन घालून घेतलं. सुमारे शंभर जणींशी बोलणं झालं. एकीनेच भेटायचं कबूल केलं, आणि ती आलीच नाही. पण भिडस्तपणा गेला. खोलीत बसून ‘मी असा का’ विचारत राहिले असते तर कदाचित गेला नसता.

स्वतःची कड न घेता स्वतःला माफ करणं म्हणजे लाड नव्हेत, हे दाखवणारे प्रयोगही आहेत. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ साली अवघड चाचणीत आपटलेल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला सांगितलं की असं बऱ्याच जणांचं होतं, स्वतःला फार बोलू नका. पुढच्या चाचणीसाठी त्याच गटाने जास्त वेळ अभ्यास केला. ‘लेकरू बिघडेल’ या भीतीने मुलाला नापास झाल्यावर टोमणे मारणाऱ्या पालकांनी हे वाचायला हरकत नाही.

आणखी एक युक्ती अंतराची. इथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी लोकांना थोडक्या तयारीत भाषण करायला लावलं. तयारीच्या वेळात ज्यांनी स्वतःशी ‘मी’ असं न बोलता स्वतःचं नाव घेऊन बोलायचं होतं, त्यांचं भाषण बरं झालं आणि नंतर त्यांनी ते मनात कमी घोळवलं. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्या संतांनी अभंगाच्या अखेरीस स्वतःचं नाव तृतीयपुरुषात घेतलं. ती काव्याची रूढी होती हे खरं, पण तिने स्वतःकडे दुसऱ्याच्या जागेवरून बघण्याची सोय आपसूक झाली. १९७८ साली आलेल्या ‘बलुतं’मध्ये तर ही सोय पुस्तकाचा पायाच आहे. दगडू मारुती पवार हा माणूस आपली कहाणी दया पवारांना सांगतो, आणि दोघे एकच. मराठीतल्या सर्वांत कठोर आत्मपरीक्षणांपैकी एक असं दोन माणसांच्या संवादातून घडलं. एक सांगणारा, एक ऐकणारा.

हा ऐकणारा सर्वांत स्पष्ट दिसतो तो व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात, म्हणून तिथे जरा जास्त थांबतो. दारू पिणाऱ्याइतका स्वतःला फसवण्यात तरबेज माणूस दुसरा नसतो. ‘मी रोज पीत नाही.’ ‘स्वतःच्या पैशाची पितो.’ ‘श्रावण कडक पाळतो, मग व्यसनी कसा?’ ‘मनात आणलं तर उद्या सोडीन.’ यांतली एकेक सबब ऐकायला बिनतोड असते, आणि ती देणारा खोटं बोलत नसतो, त्याला ते खरंच तसं वाटत असतं. ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी १९३५ साली बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ या दोन बेवड्यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांपैकी चौथी म्हणजे स्वतःच्या वागण्याची लेखी झडती. १९३९ च्या त्यांच्या पुस्तकात यासाठी रकाने आखून दिले आहेत: कुणावर राग आहे, कशामुळे, त्याने माझं काय दुखावलं. मग ती यादी पुन्हा वाचायची आणि प्रत्येक ठिकाणी माझा हात किती होता ते लिहायचं. कागदावर लिहिण्याचा फायदा हा, की मनात सतत फिरणारी गोष्ट एका ओळीत मावते आणि ओळीखाली दुसरी ओळ येते.

पण ही यादी लिहून कपाटात ठेवायची नसते. पाचव्या पायरीत ती दुसऱ्या एका जिवंत माणसासमोर वाचायची असते. एकट्याने केलेल्या झडतीत माणूस एक तर स्वतःला सोडून देतो, नाहीतर स्वतःला फाशी देतो. समोर बसलेला स्पॉन्सर, म्हणजे आधी दारू सोडलेला सोबती, दोन्ही होऊ देत नाही, कारण तो स्वतः तिथून गेलेला असतो. ‘श्रावण मीही पाळायचो,’ एवढं तो म्हणाला तरी पुरतं. आठव्या-नवव्या पायरीत ज्यांना दुखावलं त्यांची यादी करून भरपाई करायची असते, आणि तिथे एक अपवाद नोंदवला आहे: ज्या भरपाईने त्या व्यक्तीला किंवा इतरांना इजा होईल ती करायची नाही. आपलं मन हलकं व्हावं म्हणून दुसऱ्याच्या डोक्यावर कबुलीजबाब ओतणं हा प्रामाणिकपणा नव्हे, हे त्या लोकांनी तेव्हाच ओळखलं होतं. हल्ली ‘मी फक्त खरं बोललो’ म्हणून मिरवणाऱ्यांना ही पायरी शिकवायला हवी.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, ‘मुक्तांगण’ सुरू केलं. तिथेही कणा आहे तो गटात बोलण्याचा, आणि पेशंटला धीर देणाऱ्यांत अनेक जण एकेकाळी त्याच खाटांवर झोपलेले असतात. घरच्यांसमोरही तिथे आरसा येतो. नवऱ्याच्या साहेबांना फोन करून ‘त्यांना ताप आलाय’ म्हणून सांगणारी बायको संसार वाचवत असते आणि व्यसनालाही. तिला हे दिसावं, पण दोष लागू नये, ही कसरत आहे. त्यासाठी १९५१ पासून अल-अ‍ॅनॉनसारखे कुटुंबीयांचे वेगळे गट आहेत.

हे सगळं उपयोगी पडतं का? २०२० साली कॉक्रेन समूहाने २७ अभ्यासांचा, म्हणजे दहा हजारांहून जास्त माणसांचा आढावा घेतला. ए. ए. (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) आणि त्याकडे पद्धतशीर वळवणारे उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के वर्षाअखेर पूर्ण कोरडे राहिले. इतर मान्य उपचारांत हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास होतं. चमत्कार नव्हे, पण फुकट चालणाऱ्या मिटिंगसाठी थोडंही नव्हे. ते का चालतं याचा शोध जॉन केली यांनी घेतला तेव्हा मोठा वाटा सोबतीच्या माणसांत झालेल्या बदलाचा आणि ‘मला जमेल’ या भरवशाचा निघाला. म्हणजे रकाने महत्त्वाचे, पण रकाने ऐकणारी माणसं त्याहून महत्त्वाची.

लिहिण्याचं म्हणाल तर जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ च्या अभ्यासापासून त्याचा बराच बोलबाला आहे. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहिणारे विद्यार्थी पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. पुढे शंभराहून अधिक अभ्यास एकत्र केले तेव्हा फायदा टिकला, पण छोटा निघाला. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘लक्षात आलं’ असे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त लाभ झाला. रोज तेच गाऱ्हाणं उतरवणाऱ्यांना नाही.

आता विरुद्ध बाजू, कारण ती आपल्याकडे सांगितली जात नाही. शेली टेलर आणि जोनाथन ब्राऊन यांनी १९८८ साली मांडलं, की बहुतेक निरोगी माणसं स्वतःबद्दल थोडी गोड गैरसमजूत बाळगूनच जगतात आणि ती त्यांना तगवते. ‘उदास माणसालाच जग खरं दिसतं’ हा १९७९ चा एक प्रसिद्ध निष्कर्ष मात्र २०२२ च्या फेरतपासणीत टिकला नाही, त्यामुळे खिन्न राहण्याला शहाणपणाचं प्रशस्तिपत्र देण्याचं कारण नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत दोन हजारांवर लोकांना मनातलं लिहायची संधी दिली होती. ज्यांनी काहीही न लिहिणं पसंत केलं त्यांची प्रकृती पुढच्या दोन वर्षांत सरासरीने बरी राहिली, असं मार्क सीरी आणि सहकाऱ्यांना आढळलं. आणि आपत्तीनंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलून घ्यायला लावण्याची जी पद्धत एकेकाळी बोकाळली होती, तिचा फायदा नाही असं २००२ चा कॉक्रेन आढावा सांगतो. भाजलेल्या रुग्णांवरच्या एका अभ्यासात तर अशी बैठक झालेल्यांपैकी २६ टक्क्यांना वर्षभरानंतर आघाताचा मानसिक विकार होता, न झालेल्यांत ९ टक्क्यांना. जखम ओली असताना ‘बोल, मोकळा हो’ म्हणून मागे लागणारे शेजारी-नातलग हेतूने चांगले असतात, पण गप्प राहणाऱ्याला गप्प राहू द्यावं. त्याच्याजवळ बसावं, जेवायला घालावं. विचारायची वेळ तोच सांगेल.

शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड. काही अडचणी आत नसतातच. कापसाचा भाव पडला, विहीर आटली आणि सावकार दारात आला, अशा शेतकऱ्याला आत्मपरीक्षणाचं व्याख्यान देणं हा जवळजवळ गुन्हा आहे. दगडू पवारच्या दुःखाचं मूळही त्याच्या धारणांमध्ये नव्हतं, जातीत होतं. परिस्थितीचा किती भाग माझ्या हातात आहे आणि किती नाही, हे ओळखणं हाही स्वतःशी प्रामाणिक राहण्याचाच भाग आहे. हातात नसलेल्या भागाचा दोष अंगावर घेणं म्हणजे नम्रता नव्हे, ती चुकीची नोंद आहे. विदर्भातल्या ‘विश्राम’ या प्रकल्पाने हे भान ठेवलं होतं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी त्यांच्या भाषेत, ताणतणाव आणि घरच्या अडचणींपासून बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्यांपैकी कुणाची ना कुणाची मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, प्रकल्पानंतर ते २७.२ टक्क्यांवर गेलं. हे आकडे २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आले. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेनेही डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींत नैराश्यावर उपचार करून दाखवले, आणि त्या भेटींत भर होता तो छोट्या-छोट्या कामांना पुन्हा हात घालण्यावर.

तेव्हा ज्याला हे करून पाहायचं आहे त्याने वेळ बांधून घ्यावी, पंधरा-वीस मिनिटं पुरेत. एका वेळी एकच प्रसंग घ्यावा आणि ‘मी कसा आहे’ यापेक्षा ‘मी काय केलं’ ते लिहावं. आपल्या हाताबाहेरचं काय होतं तेही तितक्याच स्पष्टपणे लिहावं. उद्या करण्याजोगं एक काम त्यातून निघालं नाही तर वही मिटून फिरायला जावं. आणि आठवड्यातून एकदा तरी ते अशा माणसासमोर वाचावं, जो ‘अरेरे’ही म्हणणार नाही आणि ‘मी सांगितलंच होतं’ असंही म्हणणार नाही. घरात किंवा मित्रांत असा माणूस सापडत नसेल, झोप उडाली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर वहीवर अवलंबून राहू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं.